तिसरं पाकीट

१

दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आणि लवू सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतो आणि सर्वेश खरा होता की खोटा यावर भांडतो. लवू माझा शाळेपासूनचा मित्र. दोघांचे वडील एकाच गिरणीत होते, दोघांची गावं कणकवलीच्या अलीकडे-पलीकडे, आणि भांडुपच्या ह्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर तर मी दुसऱ्या. साठी उलटलेल्या माणसांना भांडायला दुसरे विषय नाहीत असं नाही, पण आम्ही फिरून तिथेच येतो.

"श्याम, तो खोटो नाय होतो," लवू म्हणतो. चिडला की त्याच्या तोंडात मालवणी येते. "माका अजून तसाच वाटता."

"दोन पाकिटांचं मी सगळ्यांसमोर सिद्ध केलं ना रे?"

"आणि तिसरं? त्यात काय होतं?"

"फेकून दिलं मी ते."

हे मी दर रविवारी खोटं बोलतो. पाकीट माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, पेन्शनच्या फायलीखाली आहे. दोन वर्षं चार महिने झाले, मी ते उघडलेलं नाही.

लवूसाठी हा वाद म्हणजे वेळ घालवणं. माझ्यासाठी तसं नाही. सर्वेश खोटा असेल, तर माझी मुलगी गेली ती नुसत्या अपघातात गेली. तो खरा असेल, तर मला आधी कळवण्यात आलं होतं आणि मी हट्टाने ते कपाटात ठेवून दिलं. मला तो खोटा हवा आहे, आणि त्यासाठी मी लवूशी मरेपर्यंत भांडायला तयार आहे.

२

सर्वेश २०२२ साली लवूकडे पेइंग गेस्ट म्हणून आला. तिशीचा, किडकिडीत, हसरा. दोन महिन्यांनी त्याने गच्चीवर कुणाला तरी सांगितलं की तो २०४१ सालातून आला आहे. आधी सगळ्यांनी टिंगल केली. मग त्याने एक पाकीट दाखवलं. स्वतःच्याच नावाने पोस्टाने पाठवलेलं, त्यावर जूनचा शिक्का, आणि आत ऑगस्टमध्ये झालेल्या सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल, मतांच्या आकड्यांसकट. दुसऱ्या पाकिटात पाण्याची टाकी कुठल्या दिवशी फुटणार ते होतं. टाकी त्याच दिवशी फुटली होती. मग लोक त्याला हळूच बाजूला घेऊन मुलांच्या नोकऱ्या आणि मुलींची लग्नं विचारू लागले.

आता ह्यात त्याचं दुर्दैव असं, की मी टपाल खात्यात पस्तीस वर्षं सॉर्टिंगला काढली आहेत. तारखेचा शिक्का लोखंडी असतो आणि हाताने मारतात, दाणकन. पाकिटात कागद असेल तर त्या कागदावरही गोल दाब उमटतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांना कळतो. सर्वेशच्या दोन्ही कागदांवर मी बोटं फिरवली. कागद गुळगुळीत होते. म्हणजे गडी रिकामी, उघडी पाकिटं स्वतःला पाठवत होता, ती शिक्का बसून आली की सांभाळून ठेवत होता, आणि काही घडलं की ते कागदावर लिहून आत सारून डिंक लावत होता.

ऑक्टोबरमधल्या मीटिंगमध्ये मी हे सगळ्यांना करून दाखवलं. मला मजा आली, हे कबूल करतो. लोक हसत होते. सर्वेश मान खाली घालून उभा होता. जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या नावाचं एक पत्र येईल. ते माझं नसेल. ते उघडा."

दुसऱ्या दिवशी तो खोली सोडून गेला.

३

पाकीट नोव्हेंबरच्या शेवटी आलं. श्रुतिकानेच ते खालच्या पत्रपेटीतून आणलं. जिना चढतानाच तिचं हसू ऐकू येत होतं.

"बाबा, तुझ्या भविष्यवाल्याचं प्रेमपत्र आलंय. घे."

पत्ता टाइप करून चिकटवलेला होता. सर्वेशच्या आधीच्या पाकिटांवरही तसाच असायचा. पण हे चारही कोपऱ्यांपर्यंत नीट चिकटवलेलं होतं, आणि शिक्का अस्सल होता. फक्त तारीख चुकलेली होती. सव्वा वर्ष पुढची.

त्यात मला नवल वाटलं नाही. शिक्क्यात तारखेच्या आकड्यांचे बारीक खिळे रोज सकाळी चिमट्याने बदलावे लागतात. नवा माणूस असला की दिवस, महिना, वर्ष, काहीही उलटंसुलटं बसतं. मी स्वतः सत्त्याऐंशी साली एका दिवसाची सगळी टपाल पुढच्या महिन्याच्या तारखेने रवाना केली होती आणि त्याबद्दल मेमो खाल्ला होता. असल्या चुका फक्त आमच्याच लोकांच्या हातून होतात आणि आम्हालाच कळतात. श्रुतिकाला मी हे सगळं रंगवून सांगितलं.

"उघड ना," ती म्हणाली.

"त्याला तेच हवंय. म्हणून नाही उघडणार."

"किती हट्टी आहेस रे तू." ती आत गेली. ती तारीख काय होती ते मी विसरलो. विसरलो असं निदान स्वतःला सांगत आलो.

४

श्रुतिका आमची एकुलती एक. २०२३च्या नोव्हेंबरात ती टपाल खात्याची परीक्षा पास झाली. नेमणुकीचं पत्र आलं, मी पेढे वाटले, आणि दहा दिवसांनी तिने सांगितलं की ती जाणार नाही. कांदिवलीच्या एका स्टुडिओत ती कार्टूनना मराठी आवाज द्यायची, तेच तिला पुढे करायचं होतं. मी नको ते बोललो. तीही बोलली. "पत्रं लिहितं कोण आता? त्या खात्याची मला लाज वाटते," असं म्हणाली. मी बोलणं बंद केलं.

दहा आठवडे आम्ही एका घरात मुक्याने राहिलो. "आई, बाबांना सांग चहा झालाय." "तिला सांग गिझर बंद कर." प्रेमा, माझी बायको, मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगायची, कधी चिडायची, कधी नुसती रडायची. संध्याकाळी श्रुतिकाच्या बंद दाराआडून आवाज यायचे. खारीचा, म्हाताऱ्या कासवाचा, दोन भांडणाऱ्या मांजरांचा. ती सराव करत असायची. घरात ती सगळ्यांच्या आवाजात बोलायची. माझ्याशी मात्र नाही. मी बाहेर पेपर धरून ऐकत बसायचो. एकदा कासवाने खोकून काहीतरी म्हटलं आणि मला हसू आलं. तेव्हा उठून दार वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी पेपरचं पान उलटलं.

नऊ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी बारा वाजता आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर डंपरने तिला उडवलं. एकोणतीस वर्षांची होती.

तेराव्यानंतर लवूने सांगितलं की अपघाताच्या आधी दहाएक मिनिटं त्याने तिला पाहिलं होतं. ती लाल पेटीत एक पत्र टाकत होती.

मी त्या पत्राची वाट पाहिली. आठवडा, महिना. जुन्या ओळखीच्या लोकांकडे गेलो, त्यांनी बिचाऱ्यांनी त्या दिवसांची सगळी टपाल मनापासून शोधली. पत्र नव्हतं. कुणालातरी लिहिलं असेल आणि त्याला ते पोचलं असेल, असं म्हणून मी तो विषय सोडला. रविवारी बाकावर बसून सर्वेशबद्दल भांडू लागलो.

५

यंदाच्या मार्चमध्ये लवूने सर्वेशला शोधून काढलं. मुलुंडला एका झेरॉक्सच्या दुकानात तो काम करत होता. शनिवारी दुपारी आम्ही बसने गेलो. त्याने मला ओळखलं आणि हातातले कागद खाली ठेवले.

"सगळं खोटं होतं काका," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "व्हिडिओ बनवायचे होते मला. रिकामी पाकिटं, तुम्ही सांगितलं तसंच. एकदम बरोबर पकडलंत."

लवूचा चेहरा उतरला. माझ्या छातीवरचं ओझं हललं. मला त्या पोराला चहा पाजावासा वाटला.

"आणि ते तिसरं? माझ्या नावाचं?"

"तिसरं कुठलं? मी दोनच टाकली होती."

"मग तू म्हणालास ना, पत्र येईल म्हणून?"

मागे मशीन कागद टाकत होतं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "का म्हणालो ते नाही माहीत. तेवढं एकच मी ठरवून बोललो नव्हतो. आपोआप तोंडात आलं, शपथ. आलं का ते?"

मी लवूकडे पाहिलं नाही. नाही म्हणालो आणि तिथून निघालो.

६

रविवारी मी बाकावर गेलो नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी कपाट उघडलं आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं. प्रेमाला त्याची माहिती होती. तिने कधी विषय काढला नव्हता इतकंच. तिने चष्मा लावला, शिक्का पाहिला आणि खुर्चीवर बसली.

"अहो, ही तारीख," ती म्हणाली.

नऊ फेब्रुवारी, दोन हजार चोवीस.

खिळे चुकीचे बसतात, मी म्हणालो. दिवस चुकतो, महिना चुकतो, वर्ष चुकतं. तिन्ही एकदम चुकून नेमकी एखादी तारीख लागायची शक्यता किती, तेही मी मनात मांडू लागलो. बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू येईना. भिंतीपलीकडून शेजारच्या ऋताच्या टीव्हीचा आवाज येत होता, कार्टूनचा. तिची मुलगी रोज चार वाजता तेच लावते, श्रुतिकाचा खारीचा आवाज असलेलं. आम्हाला सवय झाली आहे.

"उघडा," प्रेमा म्हणाली.

मी पाकिटाची कड कापली. एकच कागद होता. वाचायच्या आधी मी सवयीने त्यावर बोट फिरवलं. गोल दाब होता, स्पष्ट, वरच्या उजव्या कोपऱ्यात. शिक्का बसला तेव्हा कागद आत होता.

अक्षर श्रुतिकाचं होतं.

क्षणभर मला प्रेमाचा संशय आला. माझी समजूत घालायला तिने हे लिहिलं असेल, पाकीट बदललं असेल. मी वर पाहिलं तर ती माझ्याआधी ओळखून दोन्ही हात तोंडावर घेऊन बसली होती. मग मी वाचलं. सगळं इथे सांगणार नाही. आमच्या घरातलं आहे. पण मधला भाग असा होता:

"पत्ता टाइप केलाय, कारण माझं अक्षर दिसलं तर तू हात लावणार नाहीस. पण पोस्टाने आलेलं पत्र तू न वाचता ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे. नोकरी घेतली नाही त्याबद्दल सॉरी म्हणणार नाही. लाज वाटते म्हणाले त्याबद्दल म्हणते. मला लाज कधीच वाटली नाही बाबा. आणि तू गेल्या महिन्यात मला पाठवलेलं पत्र मी अजून उघडलेलं नाही. रागात ड्रॉवरमध्ये टाकलं. आज संध्याकाळी घरी आले की पहिलं ते उघडते."

मी दोनदा वाचलं.

"तुम्ही तिला पत्र पाठवलं होतंत?" प्रेमाने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती. ते मला सगळ्यात जड गेलं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

७

श्रुतिकाच्या खोलीत वर्षभर आम्ही काही हलवलेलं नाही. प्रेमा झाडून घेते आणि बाहेर येते. माइकवर तिची ओढणी तशीच आहे. भिंतीपलीकडचा आवाज इथे जास्त मोठा येत होता. खार काहीतरी विचारत होती आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखी थांबत होती.

"ऋताला टीव्ही लहान करायला सांग," मी म्हणालो.

"ऋता गुरुवारीच गावाला गेलीय. दाराला कुलूप आहे."

चालू राहिला असेल, मी म्हणालो. थोड्या वेळाने आवाज थांबला.

टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये संहितांचे कागद होते, हेडफोनची वायर होती, आणि त्याखाली पाकीट. वर माझं अक्षर. तिचं पूर्ण नाव, आमचा पत्ता, पिनकोडचे आकडे मी काढतो तसे सुटे सुटे. उघडलेलं नव्हतं. शिक्क्यावरची तारीख चोवीस मार्च, दोन हजार पंचवीस.

ती उद्याची तारीख होती.

प्रेमाने ते हातात घेऊन छातीशी धरलं. "उघडू?"

"नको," मी म्हणालो. "ते तिच्या नावाचं आहे."

पस्तीस वर्षांत मी दुसऱ्याचं पत्र कधी उघडलं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मी काय लिहिणार आहे ते मला आधी वाचायचं नव्हतं. प्रेमाने पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं, बाळाला निजवतात तसं, आणि ड्रॉवर लावला. मग ती खाली जमिनीवर बसली आणि रडली. मी तिच्या शेजारी बसलो. मुलगी गेल्यापासून आम्ही असे एकत्र रडलो नव्हतो.

८

सोमवारी सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या मी पहिला रांगेत होतो. रात्रभर मी एकच विचार केला होता. पाकीट ती उघडत नाही. पण पोस्टकार्ड उघडावं लागत नाही. एक मागितलं होतं, तीन घेतली. काउंटरवरच उभं राहून, मोठ्या अक्षरात, तिन्हींवर तेच लिहिलं. नऊ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, दुपारी बारा वाजता कोपऱ्यावरून जाऊ नकोस. घरात थांब. बाबा. तिन्ही पेटीत टाकली आणि घरी येऊन थेट तिच्या खोलीत गेलो. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा केला. पुस्तकांची पानं झटकली. गादी उचलली. पोस्टकार्ड एकही नव्हतं. पाकीट होतं तसंच होतं.

दुपारी लवू खाली आमच्याकडे आला. काल मी बाकावर नव्हतो म्हणून काळजीने आला होता. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी राहवेना म्हणून म्हणाला, "श्याम, तू जिंकलास रे. खोटोच होतो तो."

"हो," मी म्हणालो. "खोटाच होता."

तो गेल्यावर मी नवं पाकीट आणि कोरा कागद घेऊन बसलो. प्रेमा दारात येऊन उभी राहिली.

"आता कशाला?" ती म्हणाली. "ती उघडत नाही ना ते."

"नाही उघडत."

"मग?"

"ती लिहिते ना, मी पाठवलेलं पत्र म्हणून. मी पाठवलं नाही तर ते कुणी पाठवलं?"

प्रेमा माझ्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

आधी मी तारीख लिहिली, डंपर लिहिला, कोपरा लिहिला. मग तो कागद फाडला. दुसरा घेतला. मीटिंगमध्ये शंभर माणसांसमोर तोंड चालवणारा मी, घरात दहा आठवडे मुका बसलो होतो. पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि मला कळलं की आज मला काहीच अडवत नाही. ती हे वाचणार नव्हती. माझी मान तिच्यासमोर खाली जाणार नव्हती. ती हसणार नव्हती, उलट बोलणार नव्हती, माफही करणार नव्हती. म्हणून मी सगळं लिहिलं. पेढे वाटल्याचं, सोसायटीत कळल्यावर लाज वाटेल म्हणून ओरडल्याचं, दाराबाहेर पेपर धरून तिचं कासव ऐकल्याचं. ते ऐकून हसल्याचं. तू फार छान करतेस, असं लिहिलं. ते मी तिला एकदाही म्हणालो नव्हतो.

दोन पानं झाली. घडी घातली, पाकिटात सारली, चारही कोपरे नीट चिकटवले. पत्ता हाताने लिहिला. साडेचारला पेटी रिकामी करायला माणूस येतो. सव्वाचारला मी चप्पल घातली आणि खाली उतरलो.